भिंतीवरचा एल-सेक्शन

सोके हे गाव मागे पडले, रस्ता एकदम सपाट झाला आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, बोंडे फुटली होती आणि दूरच्या एका शेतात वेचणीचे भले मोठे यंत्र धूळ उडवत चालले होते. मी अमरावतीची, त्यामुळे कापसाचे मला अप्रूप वाटायचे काही कारण नव्हते; पण परक्या मुलुखात आपली पऱ्हाटी दिसली की गाडीची काच आपोआप खाली होते. माती मात्र आमच्यासारखी काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी दिसत नव्हती. ती राखाडी, मऊ, चाळणीतून गाळून पसरल्यासारखी होती. गाडी चालवणारा आणि स्थळे दाखवणारा माणूस एकच होता. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "अब्ला, आत्ता आपण समुद्रावरून चाललो आहोत." अब्ला म्हणजे ताई. तुर्कस्तानात उतरल्यापासून चार दिवसांत मी एवढ्या जणांची ताई झाले होते, की माहेरी आल्यासारखे वाटत होते.

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी या सपाटीच्या जागी एजियन समुद्राचे आखात होते आणि आम्ही त्या दिवशी पाहणार होतो ती प्रिएने आणि मिलेटस ही दोन्ही गावे त्याच्या काठावर वसलेली होती. बुयुक मेंदेरेस नदीने डोंगरांतून माती आणून हे आखात शतकानुशतके भरत नेले. आखाताच्या आतल्या टोकाचे पाणी मागे अडकले, तेच आजचे बाफा सरोवर. मी पाटबंधारे विभागात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. मधली तेहतीस वर्षे धरणे, कालवे आणि नद्या यांच्या रेघा ओढण्यात गेली. धरणाच्या प्रत्येक छेदचित्रात तळाशी एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली 'मृत साठा' असे लिहिलेले असते. ती जागा पाण्यासाठी नसते, येणाऱ्या गाळासाठी आधीच सोडून ठेवलेली असते. या नदीला तशी रेघ कोणी आखून दिली नव्हती, म्हणून तिने अख्खा समुद्रच मृत साठ्यात जमा केला.

नदीचे जुने ग्रीक नाव मेआंड्रोस. सपाटीवर ती इतकी नागमोडी वाहते, की नदीच्या वळणांना जगभर तिचेच नाव पडले. आमच्या कार्यालयात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे 'मिअँडर' म्हणत. मीही नकाशावर सुबक अक्षरात तो शब्द किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. पण ते एका खऱ्या नदीचे नाव आहे आणि ती अजून वाहते आहे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एका पुलावरून जाताना कळले. नदी म्हणावी तर फार मोठी नाही. गढूळ, मंद आणि काठाला बोरू-लव्हाळे माजलेले. एवढे सगळे करून नामानिराळी राहिलेली.

ही खासगी सहल ठरवली माझ्या भाचीने. ती बर्लिनला असते आणि मला तुर्कस्तान दाखवायला घेऊन आली होती. आदल्या दिवशी आम्ही एफेसस हे प्राचीन शहर पाहिले. तिथे क्रूझ जहाजांतून उतरलेले जथेच्या जथे छत्र्या आणि झेंड्यांच्या मागून चालत होते, आणि सेल्ससच्या त्या सुप्रसिद्ध ग्रंथालयासमोर मला दगडांपेक्षा माणसांच्या टोप्याच जास्त दिसल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी फक्त आम्हा दोघींसाठी गाडी करून प्रिएने, मिलेटस आणि डिडिमा अशी तीन ठिकाणे पाहायची असे ठरले. गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांनी कार्यक्रमात न लिहिलेले चौथे ठिकाण सकाळीच घुसडले. ते म्हणजे चामड्याच्या कोटांचे दुकान. तिथे चहा, मग कोटांचे प्रदर्शन, मग पुन्हा चहा, असा दीड तास गेला. अमरावतीत मी चामड्याचा कोट घालून नेमके कुठे जाणार, हे त्या विक्रेत्याला समजावता समजावता भाचीची जर्मन आणि इंग्रजी दोन्ही संपली. मी मनातून धुमसत होते. त्या दीड तासाचे मी पुढे उपकार मानणार होते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

प्रिएने डोंगराच्या उतारावर आहे. मागे मिकाले डोंगराचा सरळ तुटलेला कडा, त्याच्या पायथ्याशी पाइनची झाडे, आणि झाडांमध्ये एक आखीव गाव. इथले रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. उताराची पर्वा न करता कोणीतरी कागदावरची चौकट डोंगरावर ठेवून दिली आहे आणि जिथे चौकटीला उतार जुळला नाही, तिथे रस्त्याच्या पायऱ्या केल्या आहेत. मी ज्या साहेबांच्या हाताखाली काम शिकले, ते म्हणत की आधी जमीन वाच आणि मग रेघ ओढ. प्रिएनेच्या आखणी करणाऱ्याने ते मुळीच ऐकले नसते, आणि तरी त्याचे गाव चालले. गुडघे मात्र त्याला शिव्या देतात.

अथेनाचे मंदिर गावाच्या वरच्या अंगाला आहे. पिथिओस नावाच्या स्थपतीने ते रचले. हालिकार्नासस गावच्या मॉसोलियमच्या, म्हणजे राजा मॉसोलोसच्या भव्य समाधीच्या, कामातही याचा हात होता. आज पाच खांब पुन्हा उभे केलेले आहेत आणि बाकीच्यांचे गोल दगड झाडाखाली इतस्ततः पडले आहेत. इ.स.पू. 334 मध्ये अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, या भागात आला तेव्हा मंदिराचे काम चालू होते. त्याने ते देवीला अर्पण केल्याचा शिलालेख कोरला गेला. तो दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पैसे देऊन भिंतीवर नाव लावून घेण्याची ही रीत आपल्याकडच्या देवळांतल्या पंख्यांपर्यंत अखंड चालत आलेली आहे.

मला अधिक आवडले ते तिथले सभागृह. साधारण साडेसहाशे माणसे बसतील अशी तीन बाजूंनी चढत गेलेली दगडी आसने, मध्ये वेदी, बस. गावात चार-पाच हजार माणसे राहत असावीत, आणि त्यांतली एवढी माणसे इथे बसून भांडत असतील. मी एका पायरीवर टेकले. दगडाची पुढची कड वर थोडी बाहेर आणि खाली आत घेतलेली होती, ती बसल्यावर टाचा मागे घेता याव्यात म्हणून. बसणाऱ्याच्या टाचांचा विचार करणारा माणूस मला मंदिराच्या खांबांपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

प्रिएने एवढे चांगले टिकले यालाही गाळच कारणीभूत आहे. बंदर बुजले, व्यापार आटला, आणि रोमन काळात एफेसस, मिलेटस यांच्यासारखी संगमरवरी बांधकामे करण्याइतका पैसा इथे उरला नाही. त्यामुळे जुने ग्रीक गाव पाडून नवे कोणी बांधले नाही. एफेससला आपण पाहतो ते बरेचसे रोमन, इथे पाहतो ते बरेचसे ग्रीक, आणि त्या दोघांमधला फरक कोणत्याही पाटीपेक्षा पायांना लवकर कळतो: रोमन रस्ता रुंद आणि मिरवण्यासाठी, ग्रीक गल्ली घरी जाण्यासाठी.

डोंगरावरून खाली पाहिले की सगळे सपाट. शेते, कालवे, पॉप्लरच्या रांगा. वाटाड्याने दूरच्या एका बसक्या टेकडीकडे बोट दाखवले. ती लादे. इ.स.पू. 494 मध्ये ते बेट होते आणि त्याच्याभोवतीच्या पाण्यात आयोनियाच्या, म्हणजे या किनारपट्टीवरच्या, ग्रीक गावांनी इराणी साम्राज्याशी शेवटची मोठी लढाई दिली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ग्रीकांची जहाजे 353 सांगतो आणि इराण्यांची 600. ग्रीक हरले, मिलेटस लुटले आणि जाळले गेले, उरलेल्या माणसांना तायग्रिस नदीच्या मुखाकडे नेऊन वसवण्यात आले. ज्या पाण्यात हे घडले तिथे आता कापूस आहे. वाटाड्या म्हणाला, तिथेच पलीकडे त्याच्या वडिलांचे शेत आहे, आणि नांगरताना तिथे दगड लागत नाही, कुठेच लागत नाही, नुसती माती लागते. शेतकऱ्याच्या मुलाने जमिनीची याहून मोठी स्तुती ती काय करावी?

आयोनिया हा शब्द मी इतका वेळ सहज वापरला, पण त्याच्याशी आपले नाते जुने आहे. इराणी लोक इथल्या ग्रीकांना 'यौन' म्हणत, त्याचेच संस्कृतात 'यवन' आणि पालीत 'योन' झाले. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतले एक लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदवले आहे. नाव पाहा: इंद्र आणि अग्नी. पुढे बखरींपर्यंत येताना आपण तोच शब्द भलत्यालाच लावला, युनानी औषधाच्या दुकानात तो पुन्हा वेगळ्या वेशात भेटला, आणि तुर्की भाषेत आजही ग्रीसला 'युनानिस्तान' म्हणतात. लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात यवन हा शब्द वाचताना त्याला एखादे गाव असेल, त्या गावाचे बंदर असेल आणि ते बंदर गाळाने भरले असेल, असे कधी मनातही आले नव्हते.

मिलेटसला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. इथे प्रथम दिसते ते नाट्यगृह, आणि ते दुरूनच छातीवर येते. दर्शनी बाजू जवळजवळ 140 मीटर लांब, बसायला 15,000 माणसांची सोय. ग्रीकांनी सुरू केलेले आणि रोमनांनी वाढवत नेलेले. एके काळी त्याच्या पायाशी समुद्र होता, जहाजातून येणाऱ्याला ते आधी दिसे. आम्ही वरच्या पायरीवर बसून केळी खाल्ली, आणि समोर जिथे गलबते असायची तिथे एक मेंढपाळ कळप चारत होता.

या गावाने सगळीकडे माणसे पाठवली. मिलेटसने सगळ्या समुद्रांच्या काठी वसवलेल्या गावांची संख्या रोमन लेखक प्लिनी नव्वदाच्या वर सांगतो. सगळ्याच्या मुळाशी पाणी आहे असे म्हणणारा थेल्स इथला, आणि पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांत पहिला म्हणून ज्याचे नाव घेतात तो अनॅक्सिमँडरही इथलाच. नकाशाच्या टेबलाशी उभे आयुष्य गेलेल्या बाईने त्याच्यासाठी एक क्षण उभे राहणे भाग होते, मी राहिले. थेल्सचे पाणी मात्र गावाला सोडून सात-आठ किलोमीटर दूर गेले आहे. जुन्या बंदराच्या तोंडाशी दोन संगमरवरी सिंह बसवलेले होते, ते आज कमरेइतके मातीत रुतलेले आहेत. रोमन सम्राज्ञी फाउस्टिनाच्या नावाच्या स्नानगृहात मेआंड्रोस नदीची पुरुषरूपातली पहुडलेली मूर्ती आहे, कोपरावर रेलून बसलेली, आणि तिच्यातून पाणी हौदात पडत असे. गावाचा घास घेणाऱ्यालाच गावाने नळावर बसवले होते.

इथे भाची म्हणाली, "मावशी, या गावाचं दार आमच्या गावात आहे." बाजारपेठेचे दुमजली रोमन प्रवेशद्वार, 16 मीटरांहून उंच आणि जवळजवळ 30 मीटर रुंद, जर्मन उत्खनकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुकड्यातुकड्यांनी बर्लिनला नेले आणि तिथल्या पेर्गामोन संग्रहालयात उभे केले. ते संग्रहालय सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. भाचीने ते पूर्वी पाहिले होते आणि आज तिला त्याची मूळ जागा पाहायची होती. ती जागा म्हणजे गवत, काही पायाचे दगड आणि एक अंजिराचे झाड. ती बराच वेळ तिथे उभी होती. न्यायला नको होते असे ती म्हणाली नाही, नेले ते बरे केले असेही म्हणाली नाही; नुसते दोन्ही हात पसरून रुंदी मोजल्यासारखे केले आणि परत आली.

डिडिमा मी मुद्दाम ठरवून पाहायला आले होते. इतर दोन ठिकाणे भाचीच्या हौसेची, हे माझ्या. मिलेटसपासून डिडिमापर्यंत सोळा-सतरा किलोमीटरचा पवित्र मार्ग होता, सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याची दुरुस्ती करवली. त्या मार्गाच्या शेवटी अपोलोचे देऊळ आणि त्याचा कौल. इराण्यांनी जुने देऊळ जाळल्यावर सुमारे इ.स.पू. 300 मध्ये एफेससचा पायोनिओस आणि मिलेटसचा डाफ्निस यांनी नवे बांधायला घेतले. सुमारे 120 खांब योजले होते, एकेक साडेएकोणीस मीटरांहून उंच. काम थोडेथोडके नव्हे, शतकानुशतके चालले, आणि चौथ्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती सम्राटांनी कौल बंद केले तेव्हाही अपुरेच होते. आज तीन खांब उभे आहेत, त्यांतल्या एकावर उभ्या पन्हळी कोरायच्या राहूनच गेल्या. मागच्या अंगाला भूकंपाने पडलेला एक खांब जसा पडला तसाच आहे, कलंडलेल्या भाकरींच्या चवडीसारखा.

दीड तास आधीच वाया गेलेला असल्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते. पुढच्या ओट्यावरून सरळ आत जाता येत नाही. दाराचा उंबरा जवळजवळ दीड मीटर उंच आहे. आत जायला दोन्ही बाजूंना उतरते, अरुंद, छताचे बोगदे आहेत. त्या गारव्यातून खाली गेले की आपण एकदम उघड्या आभाळाखाली, वीस मीटरांहून उंच भिंतींच्या आत येतो. देवळाला छप्पर नव्हतेच. इथे झरा होता, कौल देणारी बाई इथे बसे.

मी भिंतीकडे गेले. निवृत्तीनंतर एका लेखात मी वाचले होते की 1979 मध्ये लोथार हासेलबर्गर या जर्मन अभ्यासकाला या भिंतींवर देवळाची बांधकाम-चित्रे सापडली, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. भिंतीला गेरूसारखा तांबडा रंग फासायचा आणि त्यावर लोखंडी टोकाने केसाएवढ्या रेघा ओढायच्या. आपला सुतार गेरूत भिजवलेला दोरा ताणून सूत मारतो, त्याच जातीचे हे काम. बांधकाम संपल्यावर भिंती घासून गुळगुळीत करायच्या आणि चित्रे पुसून टाकायची, अशी रीत होती. इथे बांधकाम संपलेच नाही. म्हणून घासायची पाळी आली नाही, आणि रेघा राहिल्या.

त्या चित्रांतले एक खांबाचे आहे. ग्रीक खांब सरळ निमुळता नसतो, त्याला मध्ये किंचित फुगवटा असतो, उंचीच्या मानाने इतका थोडा, की सहज डोळ्याला कळू नये. तो पूर्ण आकारात काढायचा तर भिंतीवर अठरा मीटर उंच चित्र लागले असते. म्हणून त्या आरेखकाने रुंदी खरी ठेवली आणि उंची सोळा पटींनी दाबली. त्यांच्या एका फुटात सोळा अंगुळे. चित्रातले एक अंगुळ म्हणजे खांबाचा एक फूट. दाबल्यामुळे तो न दिसणारा फुगवटा ठळक झाला आणि परकाराच्या एका फटक्यात काढता आला. मग पाथरवटाने दर अंगुळाला आडवी रेघ मोजायची आणि तेवढ्या त्रिज्येचा दगड घडवायचा.

हे वाचले तेव्हा मी अमरावतीच्या घरात उठून उभी राहिले होते, कारण ही आमची चाल. कालव्याचा एल-सेक्शन, म्हणजे लांबीच्या दिशेने घेतलेला छेद, असाच काढतात. कालवा वीस किलोमीटर लांब आणि त्यात उतार काही मीटरांचा. दोन्ही एकाच प्रमाणात काढले तर कागदावर नुसती आडवी रेघ दिसेल. म्हणून लांबी एका प्रमाणात आणि उंची त्याच्या दहापट, शंभरपट मोठ्या प्रमाणात. नव्याने लागलेल्या मुलाला हे सांगितले की तो म्हणतो, पण मॅडम, हे चित्र तर खोटं झालं. आणि आम्ही सांगायचो की खोटे काढल्याशिवाय पाणी कुठे अडेल ते दिसत नाही.

वाटाड्याला मी रेघांबद्दल विचारले. तो म्हणाला की बारा वर्षे इथे येतो आहे, रेघा कधी पाहिल्या नाहीत. उलट त्यानेच विचारले, इथला मेदुसाचा, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या ग्रीक राक्षसीचा, दगडी मुखवटा पाहिला का? मी भाचीला मोबाइलचा दिवा लावून भिंतीला अगदी चिकटवून, आडवा धरायला सांगितला. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली शाईची रेघ ब्लेडने खरवडून काढली की कागद असाच आडव्या उजेडात धरून पाहायचा असतो, खूण राहिली का म्हणून. एका दगडावर काही नाही. दुसऱ्यावर पाथरवटाच्या छिन्नीचे ओरखडे. तिसऱ्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक सरळ रेघ उजेडात आली, मग तिला समांतर दुसरी, तिसरी, आणि मग त्यांना छेदणारी एक उभी. कोपऱ्यावर दोन रेघा थांबायच्या त्या थांबल्या नव्हत्या, एकमेकींना ओलांडून बोटभर पुढे गेल्या होत्या. आम्हाला यासाठी बोलणी बसत. पुसले जाणारच आहे हे माहीत असलेला माणूस कोपरा असाच सोडतो.

मी त्या टोकावर बोट ठेवले नाही, जवळ धरले फक्त. भाचीने विचारले, "मावशी, दिसतंय काय?" मी सांगू लागले, तेवढ्यात वरून पहारेकऱ्याची शिट्टी वाजली, बंद व्हायची वेळ झाली होती. वाटाड्या आम्हाला बोलवायला आला, आणि काय पाहतो आहोत ते पाहून वाकला. मी त्याला रेघ दाखवली, अंगुळ आणि फूट सांगितले, त्याच्या वडिलांच्या शेतातल्या कालव्याचे उदाहरण दिले. दुसरी शिट्टी झाली. त्याने वर हात करून तुर्कीत काहीतरी ओरडून सांगितले, आपला मोबाइल काढला, दिवा लावला आणि पुढच्या दगडाला आडवा चिकटवला.